विकिस्रोतावर अंध स्वयंसेवकांनी मुद्रितशोधन करताना स्कॅनशी ताळा कसा घालायचा?

पानोपान यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांचं मुद्रितशोधन करायला पाच नवे स्वयंसेवक तयार आहेत. पाचही जण पूर्ण अंध आहेत. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरतात, आवाज ईस्पीक या वाचकयंत्रणेचा मराठी. टंकलेखन इनस्क्रिप्ट कळपाटाने. दोघांकडे २० खणांचा ब्रेल डिस्प्ले (बोटाने वाचायची पट्टी) आहे. भाषा पाचही जणांची पक्की आहे.

अडचणी अशा:

संपादनाच्या खिडकीत एका बाजूला ओसीआरचा (चित्रातून यंत्राने ओळखलेला) मजकूर असतो आणि दुसऱ्या बाजूला पानाचं चित्र. चित्र स्क्रीन रीडर वाचत नाही. मग समोरचा शब्द छापील शब्दाशी जुळतो की नाही, हे कशावरून ठरवायचं?

ह्रस्व-दीर्घ आणि श-ष यांतला फरक ऐकून कळत नाही.

अनुक्रमणिकेच्या पानावर कोणतं पान झालंय आणि कोणतं बाकी आहे ते फक्त रंगावरून दिसतं. एनव्हीडीए नुसता आकडा वाचतो.

शेवटचा प्रश्न तत्त्वाचा आहे. स्कॅन न पाहता पान पिवळं करणं, म्हणजे 'मुद्रितशोधन झालं' अशी खूण करणं, योग्य आहे का?

यांना नुसतं टंकलेखनाला बसवायचं नाहीये. मुद्रितशोधनच करायचंय, आणि ते विश्वासार्ह व्हायला हवं.

---

शुद्धमुद्रा

आधी चुकांची वर्गवारी करा, मग कामाची वाटणी आपोआप होते. ओसीआरच्या चुका तीन जातींच्या असतात: कानाला कळणाऱ्या, शोधून सापडणाऱ्या, आणि स्कॅन पाहिल्याशिवाय न कळणाऱ्या.

पहिल्या जातीत घ-ध, भ-म, थ-य, ष-प, 'ख'चं 'रव' होणं, ओळी गळणं, दोन रकाने एकमेकांत मिसळणं, हे सगळं येतं. 'धर' च्या जागी 'घर' आलं तर वाक्याचा अर्थ बिघडतो आणि लक्ष देऊन ऐकणारा तिथेच थांबतो. यात अंध वाचक डोळस माणसापेक्षा पुष्कळदा सरस ठरतो. डोळा सवयीने बरोबर शब्द वाचून पुढे जातो, यंत्राचा आवाज मात्र जे लिहिलंय तेच बोलतो.

दुसऱ्या जातीच्या चुका ना कानाला कळतात ना डोळ्याला. त्या युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांच्या संगणकीय क्रमांकांच्या, पातळीवरच्या असतात. मजकूर नोटपॅड प्लस प्लसमध्ये न्या, कंट्रोल एफ दाबा, शोधाचा प्रकार रेग्युलर एक्सप्रेशन (नमुन्यावरून शोध) ठेवा आणि हे नमुने एकेक करून चालवा. पुढचा सापडलेला शब्द एफ३ ने मिळतो.

[ा-ौ][ा-ौ] : लागोपाठ दोन मात्रा. मराठीत असं कधीच नसतं. 'ो' च्या जागी काना आणि एक मात्रा अशी दोन वेगळी चिन्हं पडली असतील तर ती इथे सापडतात. दिसायला शब्द पुष्कळदा बरोबर दिसतो, पण शोधात येत नाही.

अ[ा-ौ] : 'आ' किंवा 'ओ' च्या जागी 'अ' आणि सुटी मात्रा. यात 'अॅ' सुद्धा सापडेल, ते 'ॲ' या एकाच चिन्हाने (दशमान क्रमांक २४१८) बदला.

[क-हा-ौ]:[क-ह] : शब्दाच्या मध्ये अपूर्णविराम. 'दुःख', 'अंतःकरण' यांतल्या विसर्गाच्या (२३०७) जागी ओसीआर अपूर्णविराम (५८) टाकतो.

[क-ह]।[क-ह] : कान्याच्या जागी दंड. 'काम'चं 'क।म' होतं.

मात्रेच्या आधी मोकळी जागा आहे का, ते वेगळं शोधा. आधी एक स्पेस आणि मग [ा-्]. तसंच देवनागरी मजकुरात घुसलेले इंग्रजी अंक आणि इंग्रजी अक्षरं शोधा. छापलेला '१' ओसीआरला पुष्कळदा इंग्रजी नऊसारखा दिसतो, त्यामुळे सनावळ्यांचा घोळ होतो. आकडा चुकला तर कानाला काहीच खटकत नाही. म्हणून सगळे आकडे सरसकट तिसऱ्या जातीत धरा.

'र्य' आणि 'र्ह' यांचा शोध वेगळा घ्या. 'दुसऱ्या', 'करणाऱ्या', 'वाऱ्याने' यांतला अर्धा र ओसीआर पुष्कळदा साधा रफार करून टाकतो. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि 'आचाऱ्यांना' बोलावलं असेल तिथे 'आचार्यांना' बोलावलं जातं. आवाजावर इथे भरवसा ठेवू नका. प्रत्येक 'र्य' वर थांबायचं आणि अर्थ पाहायचा. सूर्य, कार्य, मर्यादा सोडून पुढे जायचं. इनस्क्रिप्टवर दुरुस्ती सोपी आहे: शिफ्ट जे, मग डी, मग य. काही जण 'र', हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडक (८२०५) वापरतात. दोन्ही पद्धती दिसायला सारख्याच, पण एका पुस्तकात एकच ठेवा.

तिसऱ्या जातीत राहिलं ते असं: ह्रस्व-दीर्घ, अनुस्वार, आकडे, विशेषनामं, आणि ठळक, तिरपं, मधोमध यांसारखी मांडणी. स्कॅन लागतो तो इतक्यासाठीच. पानाच्या मानाने हा भाग लहान आहे.

---

सहाबिंदू

मी स्वतः पूर्ण अंध आहे, ब्रेल आणि एनव्हीडीए दोन्हीवर काम करतो. ह्रस्व-दीर्घाबद्दल लिहितो.

ईस्पीकचा आवाज 'ि' आणि 'ी' मध्ये जो फरक करतो तो वाक्याच्या ओघात टिपता येत नाही. वेग कमी केला तरी फारसा उपयोग नाही. श-षचंही तेच. त्यामुळे संशयित शब्द सुटा करून ऐकायचा: अंकपटलावरचा ५ दोनदा दाबला की शब्दाची चिन्हं एकेक करून वाचली जातात. ती नीट कळावीत म्हणून एनव्हीडीएच्या चिन्होच्चारांच्या संवादात 'ि' ची नोंद 'ह्रस्व वेलांटी', 'ी' ची 'दीर्घ वेलांटी', तसेच दोन्ही उकार, 'ष' साठी 'पोटफोड्या ष', आणि अनुस्वार, अशा नोंदी करा. पातळी 'अक्षर' ठेवा. मग हे उच्चार फक्त अक्षरशः वाचताना येतील, सलग वाचनात अडथळा होणार नाही. हाच बदल शब्दोच्चारांच्या शब्दकोशात केलात तर प्रत्येक वाक्यात 'दीर्घ वेलांटी, दीर्घ वेलांटी' ऐकावं लागेल.

अंकपटलावरचा २ तीनदा दाबला की चिन्हाचा दशमान क्रमांक ऐकू येतो. वर शुद्धमुद्रांनी दिलेले आकडे तसेच पडताळता येतील. मात्र हे चिन्ह एकटं असेल तेव्हाच भरवशाचं. व्यंजनाला मात्रा जोडलेली असेल तर शब्द सुटा करण्याचीच पद्धत वापरा.

दुरुस्ती करताना एक गोष्ट नव्या माणसाला फार छळते. बॅकस्पेस एकच चिन्ह खोडतो, डिलीट मात्र व्यंजन आणि त्याची मात्रा दोन्ही एकदम नेतो. 'कि' चं 'की' करायचं तर कर्सर त्या अक्षराच्या नंतर न्या, बॅकस्पेस एकदा, मग आर. डिलीट वापरलात तर 'क' सुद्धा गेला, आणि तो गेल्याचं कानाला लगेच कळत नाही. दुरुस्तीनंतर शब्द पुन्हा एकदा सुटा ऐकायचाच.

ब्रेल डिस्प्ले असलेल्या दोघांना ह्रस्व-दीर्घाचं काम द्या. एनव्हीडीएत मराठीचा ब्रेल तक्ता निवडा. बोटाखाली (आकडे ब्रेल टिंबांचे) ह्रस्व इ २-४ आणि दीर्घ ई ३-५, उ १-३-६, ऊ १-२-५-६, श १-४-६, ष १-२-३-४-६, अनुस्वार ५-६. चुकायला जागाच नाही. 'माहिती' मध्ये दोन वेलांट्या वेगळ्या आहेत हे वाचता वाचताच कळतं, थांबावं लागत नाही. उणीव एकच. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, मात्रा आणि पूर्ण स्वर यांची खूण एकच आहे. ओसीआरने 'ी' च्या जागी 'ई' टाकली असेल तर ती बोटातून निसटू शकते. त्यासाठी व्यंजनानंतर लगेच आलेले सुटे स्वर शोधून काढा. 'कई', 'मऊ', 'नऊ' असे बरोबर शब्दही त्यात येतील, ते सोडायचे.

२० खणांवर एका वेळी जेमतेम दोन-तीन शब्द मावतात. म्हणून आवाज आणि ब्रेल एकत्र वापरा: आवाजाने वाक्य ऐका, बोटाने शब्द तपासा.

आणखी एक. नोटपॅडमध्ये मजकुराच्या भाषेची खूण नसते, त्यामुळे आवाज आपोआप मराठीवर जात नाही. त्या प्रोग्रॅमसाठी एनव्हीडीएची वेगळी प्रोफाइल करा आणि तिच्यात मराठी आवाज, कमी वेग आणि विरामचिन्हांची पातळी 'सर्व' ठेवा. अवतरणचिन्ह उघडलं आणि बंदच झालं नाही, हे 'काही' या पातळीवर कळत नाही.

---

रकाना

खिडकीच्या अडचणींबद्दल लिहितो.

पानाची स्थिती रेडिओ बटणांवर असते. ब्राउझ मोडमध्ये (एकेका कळीने पानावर फिरायची एनव्हीडीएची पद्धत) आर दाबत गेलात की ती मिळतात, क्रम ठरलेला आहे: मजकूर नाही, मुद्रितशोधन बाकी (लाल), समस्या (निळं), मुद्रितशोधन झालं (पिवळं), प्रमाणित (हिरवं). हिरव्याचं बटण पान आधी पिवळं असेल तरच येतं, आणि ज्याने पिवळं केलं त्यालाच हिरवं करता येत नाही. त्यामुळे बटण सापडलं नाही तर बिघाड समजू नका. लॉग-इन न करता स्थिती बदलता येत नाही.

पानाचा शीर्ष आणि तळ यांच्या चौकटी लपलेल्या असतात. पसंतीक्रमात जाऊन त्या कायम उघड्या ठेवा, नाहीतर पृष्ठांक आणि चालू शीर्षक मुख्य मजकुरातच राहून जातं आणि पानं जोडून पुस्तक केलं की वाक्याच्या मध्येच 'पान ४७' असं वाचलं जातं. त्याच पसंतीक्रमात संपादनाची साधनपट्टी आणि मजकूर रंगवणारी सोय बंद करा. साधी चौकट राहिली की कर्सर आणि आवाज यांची फारकत होत नाही. जतन करायला ऑल्ट शिफ्ट एस, झलक बघायला ऑल्ट शिफ्ट पी.

अनुक्रमणिकेच्या रंगांवर स्क्रीन रीडरमध्ये सोयीचा तोडगा नाही. त्या दुव्यांच्या मागे स्थिती लिहिलेली असते, पण ती फक्त रंग देण्यासाठी वापरली जाते. सदस्याच्या वैयक्तिक जावास्क्रिप्टच्या पानावर चार-पाच ओळी टाकून तीच स्थिती दुव्याच्या नावात जोडता येते, म्हणजे '१२, लाल' असं ऐकू येईल. विकिस्रोतावरच्या एखाद्या तांत्रिक सदस्याकडून करून घ्या, पाचही जणांना त्याच ओळी चालतील. खरं तर ही सोय मुळातच असायला हवी, केवळ रंगाने माहिती देऊ नये हा सुलभतेचा अगदी पहिला नियम आहे.

खातं उघडताना चित्रातली अक्षरं ओळखायला सांगितलं आणि ध्वनीचा पर्याय मिळाला नाही, तर तिथे झगडत बसू नका. जुन्या सदस्याला लॉग-इन करून दुसऱ्यासाठी खातं उघडता येतं.

---

जुनीप्रत

पिवळ्या खुणेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पिवळं म्हणजे एका माणसाने छापील पानाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. ते झालं नसेल तर पान कितीही स्वच्छ असो, लालच राहू द्या. पुढे हिरवं करणारा पिवळ्यावर विसंबून भरभर जातो आणि चूक कायमची मुरते.

पण म्हणून अंध स्वयंसेवक पिवळं करूच शकत नाही, असं मुळीच नाही. ब्रेल छापखान्यांत हे काम रोज होतं: डोळस माणूस मूळ प्रत मोठ्याने वाचतो, अंध मुद्रितशोधक बोटाखाली ब्रेल ताडतो. तीच रीत इथे वापरा. फोनवरूनही चालते. वाचणाऱ्याने विरामचिन्हं बोलायची, परिच्छेद बदलला की 'नवा परिच्छेद' म्हणायचं, ठळक अक्षरं सांगायची, आकडे सुटे वाचायचे ('एक आठ नऊ चार') आणि विशेषनामांची वेलांटी-उकार सांगायचे. जुन्या पुस्तकात अनुस्वारही बोलायचे. अशा रीतीने ताडलेलं पान अंध स्वयंसेवकाने स्वतःच्या खात्यातून पिवळं करावं, कारण ताडणारा तोच आहे. वाचणाऱ्याने ते पान हिरवं मात्र करू नये. त्यासाठी तिसरा माणूस हवा.

वाचायला कोणी नसेल तर स्वयंसेवकाने वरच्या दोन जातींची सगळी कामं करावीत, जिथे शंका आहे तिथे विकीच्या न दिसणाऱ्या टिप्पणीत 'तपासा' हा एकच ठरलेला शब्द टाकावा आणि पान लालच जतन करावं. संपादन सारांशात लिहावं: 'श्रवण व शोध पूर्ण, स्कॅन ताडणे बाकी'. डोळस सदस्याने पान ताडायचं, टिप्पण्या काढायच्या, मग पिवळं करायचं. स्वच्छ मजकूर ताडायला घाणेरड्या मजकुराच्या मानाने फारच कमी वेळ लागतो.

यात एक अन्याय होतो, तो तुम्ही आधीच दूर करा. स्पर्धांचे गुण आणि आकडेवारी पानाचा रंग कोणी बदलला यावर मोजली जाते. लाल पानावर तासभर खपलेला माणूस त्यात कुठेच दिसत नाही. तुमच्या गटाची मोजणी संपादन सारांशावरून करा आणि दोन्ही नावं लावा.

---

पानोपान

सगळ्यांचे मनापासून आभार. सहाबिंदू सर, चिन्होच्चाराच्या पातळीची गोष्ट माहीतच नव्हती.

दोन प्रश्न उरले. वाचायला माणूस रोज मिळेलच असं नाही. अशा वेळी पानाचं चित्र एआयला देऊन त्याच्याकडून मजकूर घेतला आणि तो ताडला तर? आणि दोन ओसीआरची तुलना करण्याबद्दल ऐकलंय, ती अंध माणसाला जमेल अशी कशी करायची?

---

शुद्धमुद्रा

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचा उपयोग जास्त आहे.

विकिस्रोतावर पान संपादित करताना ओसीआरचं बटण असतं आणि त्यात इंजिन निवडता येतं, उदाहरणार्थ गूगल आणि टेसरॅक्ट. या दोन्हींच्या चुका वेगवेगळ्या असतात, म्हणून तुलना उपयोगी. पायऱ्या अशा:

आधी चौकटीतला मजकूर कॉपी करून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. बटण दाबलं की चौकटीतला आधीचा मजकूर पुसला जातो. दुसरं इंजिन निवडा, चालवा. काम संपल्याची सूचना स्क्रीन रीडर देईलच असं नाही, थोडं थांबून चौकटीत जाऊन वाचा. हा मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा. मग विकीची चौकट जतन न करता बंद करा.

दोन्ही फाइली वर्डमध्ये उघडा आणि रिव्ह्यू टॅबमधलं कम्पेअर चालवा. तुलना शब्दाच्या पातळीवर ठेवा, फॉरमॅटिंगची तुलना बंद करा. तयार होणाऱ्या दस्तऐवजात एनव्हीडीएचा ब्राउझ मोड सुरू करून ए दाबत गेलात की एका फरकावरून थेट दुसऱ्या फरकावर जाता येतं आणि काय वगळलं, काय घातलं ते ऐकू येतं. तुलनेआधी दोन्ही फाइलींतले ओळींच्या शेवटचे एंटर काढून टाका, नाहीतर ओळी वेगळ्या तुटल्यामुळेच शंभर फरक निघतील.

जिथे दोन्ही इंजिनं वेगळं सांगतात तिथे अर्थावरून निर्णय होत असेल तर करा, नाहीतर 'तपासा'. जिथे दोघं एकच सांगतात तिथे बहुधा बरोबर असतं, पण नेहमी नाही. स्कॅनमध्येच अनुस्वाराचं टिंब नसेल तर दोन्ही इंजिनं एकमताने चुकतील. म्हणून ही तुलना पान पिवळं करायला पुरेशी नाही.

अनुस्वार मुळात कुठे जातो तेही सांगतो. स्कॅन करणाऱ्याने पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात घेतलं किंवा डाग काढणारी सोय चालू ठेवली, तर बारीक टिंबं डाग समजून पुसली जातात. स्कॅन तुमच्या हातात असेल तर ३०० ते ४०० डीपीआय, ग्रेस्केल, डाग काढणं बंद. एवढ्याने अंध शोधकाचं काम निम्मं सोपं होतं.

---

जुनीप्रत

एआयबद्दल माझा सल्ला: जपून. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नांव', 'त्यांत', 'करणें' असे अनुस्वार सर्रास असतात आणि आपल्याला ते तसेच ठेवायचे असतात. एआय पान वाचताना त्यांचं 'काही', 'नाव', 'करणे' करून टाकतो आणि सांगतही नाही. ओसीआरची चूक निदान विचित्र तरी दिसते, ही चूक मात्र शुद्ध मराठीचं सोंग घेऊन येते आणि ऐकणाऱ्याला ती पकडायचं काहीच साधन उरत नाही. कधी धूसर ओळ गाळली जाते, कधी ती अंदाजाने पुरी केली जाते.

विचारायचंच असेल तर सगळं पान देऊ नका. 'तपासा' लावलेली एकेक जागा विचारा: 'बाराव्या ओळीतल्या या शब्दाची दुसरी वेलांटी ह्रस्व आहे की दीर्घ?' उत्तराला तिसरं मत माना, निकाल नाही. आणि पुस्तक १९६२ आधीचं आहे की नंतरचं, हे पाचही जणांना काम सुरू करण्याआधी सांगा. नाहीतर चांगली भाषा येणारा माणूसच 'कांहीं' मधले अनुस्वार ओसीआरची घाण समजून साफ करून टाकेल.

---

रकाना

एक राहिलं. विकिस्रोतावर फक्त प्रताधिकारमुक्त, म्हणजे साधारणपणे लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं उलटलेली, किंवा मुक्त परवान्याने दिलेली पुस्तकं चालतात. तुमच्या स्वयंसेवकांना नवी पुस्तकं करायची असतील तर त्यांची वाट वेगळी आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांगांसाठी सुलभ प्रत करायची मुभा आहे आणि तशा प्रती २०१६ पासून चालू असलेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात जातात. त्या फक्त पात्र वाचकांसाठी असतात, विकिस्रोतावर टाकता येत नाहीत. सुलभ प्रतीत शीर्षकांच्या पातळ्या आणि पृष्ठांक नीट लागले पाहिजेत, विद्यार्थी त्यावरूनच पान शोधतात. वर सांगितलेले शोधाचे नमुने आणि चिन्होच्चार तिथेही जसेच्या तसे चालतील.